आजोबा पुढे गेले

आलेल्या प्रत्येक पत्राला मी उत्तर देतो. लग्नपत्रिका असो, बँकेची नोटीस असो, नाहीतर 'आमच्या दुकानाचा पत्ता बदलला आहे' असं छापील कार्ड असो. सगळ्यांना उलटटपाली उत्तर! दुकानदार चक्रावतात, पण माझा नेम चुकत नाही. समोरासमोर बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. टपालखातं नसतं तर जगात कुणाला माझा पत्ताच लागला नसता.

एकाच पत्राला मी कितीतरी महिने उत्तर दिलं नाही. ते एका परक्या देशाच्या कस्टम ऑफिसातून आलं होतं आणि त्यात एकच मजकूर होता:

"आपल्या दिवंगत आजोबांचा डावा गुडघा आमच्याकडे शिल्लक आहे. त्याचे काय करावे, ते कळवावे."

आता तुम्हीच सांगा, काय कळवायचं? त्यातून ते दिवंगत आजोबा म्हणजे मीच!

पण असं मधूनच सांगून चालायचं नाही. मुळापासून सांगतो.

नातवंडं झाल्यापासून घरात मला सगळे आजोबा म्हणतात. उभा जन्म एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेला, त्यामुळे शरीराचा वापर असा झालाच नव्हता. तरीही ते झिजलं. आधी कवळी आली. मग कानाचं यंत्र आलं. मग दोन्ही गुडघ्यांवर चढवायचे ते जाड पट्टे आले. पण 'कवळी', 'यंत्र', 'पट्टे' असं आमच्या घरात कुणी म्हणत नाही. आमच्या हिनं पहिल्या दिवसापासून सरळ नावं पाडली.

"अहो, तुमचे दात बेसिनवर राहिलेत!"

"तुमचा कान उशीखाली वाजतोय, बंद करा आधी!"

"सूनबाई, आजोबांचे गुडघे धुवायला टाकलेस का गं?"

परक्या माणसानं ऐकलं तर पळत सुटेल. पण आमच्याकडे परका माणूस येणार कशाला! आमचं आम्हाला कळत होतं.

आमची मुलगी दोन सीमा ओलांडून पलीकडे राहते. तिनं तिकडे पुस्तकांचं छोटंसं दुकान काढलं आणि मला फोन केला.

"बाबा, उद्घाटनाला तुम्ही बोलायचं."

"मी?"

"दोनच शब्द."

"कुठले?"

"बाबा, चेष्टा नको. माझ्या बक्षीस समारंभाला तुम्ही खांबामागे उभे होतात. माझ्या लग्नात दोन तास कोठीच्या खोलीत बसून डब्यांना चिठ्ठ्या लावत होतात. पुस्तकांचं वेड मला कुणी लावलं? एकदा, फक्त एकदा, माझ्यासाठी चार माणसांत उभे राहा ना."

मी हो म्हणालो. का म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही. पण एकदा म्हटलं ते म्हटलं! मी एक छोटंसं भाषण लिहिलं, पाठ केलं आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला रोज म्हणून दाखवू लागलो. टाकीनं कधी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण उठूनही गेली नाही.

जायचं होतं गाडीनं. कारण हिचा धाकटा भाऊ. त्याला सगळे कॅप्टन म्हणतात. जहाजावर तो कधी चढलेला नाही, पण टोपी तशी घालतो. त्यानं एक जुनी व्हॅन घेऊन तिच्यात बिछाने आणि शेगडी बसवली होती.

"भाऊजी, विमानातून काय दिसतं? ढग! जमिनीवरून चला. देश कसा पायाखालून गेला पाहिजे! आमचा नियम एकच. गाडी मागे वळत नाही."

मला ढग फार आवडतात. पण हे मी मनात म्हणालो.

सामानाची तयारी मात्र मी माझ्याकडे घेतली. विसरणं हा प्रकार मला ठाऊक नाही! कुठल्या सभासदानं कुठलं पुस्तक केव्हा नेलं आणि कुठल्या पानावर चहा सांडून परत आणलं, हे मी झोपेतही सांगू शकतो. मी एक निळी कापडी पिशवी घेतली आणि माझे सगळे सुटे भाग तिच्यात भरले. दात, कान, गुडघे. पहाटे निघून गाडीत झोपायचंच होतं, म्हणून अंगावर काही चढवलं नाही. माझं साधं तत्त्व होतं: सगळं एकाच पिशवीत ठेवलं की काहीच विसरत नाही.

त्या तत्त्वाची दुसरी बाजू मला पहिली सीमा ओलांडल्यावर कळली. सगळं एकाच पिशवीत ठेवलं की विसरताना सगळं एकदमच विसरतं!

चहाला थांबलो होतो. मी बिस्किट तोंडात घातलं आणि ते तिथेच बसून राहिलं. मी पिशवी शोधली. पिशवी नव्हती. बुटांच्या नाड्या बांधताना मी ती दाराजवळच्या कपाटावर ठेवली होती आणि ती अजून तिथेच, घराची राखण करत बसली होती.

"मुद्दाम ठेवलीत!" ही माझ्या डाव्या कानात ओरडली. त्या कानाला अजून थोडीफार धुगधुगी आहे.

"मुद्दाम कशाला ठेवीन?"

"भाषण टळावं म्हणून! ओळखत नाही होय मी तुम्हाला?"

शपथेवर सांगतो, असा विचार माझ्या मनात त्याआधी आला नव्हता. नंतर आला.

"मागे फिरू या," मी म्हणालो.

"गाडी मागे वळत नाही," कॅप्टन म्हणाला.

शेवटी घरी सूनबाईला फोन लावला. असं ठरलं की तिनं पिशवीचं पार्सल करायचं आणि दुसऱ्या सीमेवरच्या गावात पाठवायचं. तिथल्या पोस्टात कस्टमची माणसं बसतात, तिथे ते ठेवून घेतील आणि आम्ही जाता जाता उचलू. पार्सल हिच्या नावावर पाठवायला मी सांगितलं. माझी सही दोनदा सारखी येत नाही, आणि तीच माझी आहे का, अशी मला स्वतःलाच शंका असते.

परदेशी पार्सलांबद्दल मी एका पुस्तकात वाचलेलं होतं. त्यामुळे मी फार अधिकारानं सांगितलं, "सूनबाई, नीट लिही. वापरलेले. विक्रीसाठी नाहीत. किंमत शून्य. असं लिहिलं की कर लागत नाही!"

"बरं आजोबा. आणि इथे 'पाठवण्याचं कारण' म्हणून एक रकाना आहे. तिथे काय लिहू?"

हे मला ऐकू आलं नाही. हिनं फोन ओढून घेतला. "अगं, कारण काय त्यात! लिही, आजोबा पुढे गेले, सामान मागे राहिलं."

सूनबाई मोठी आज्ञाधारक. तिनं घरात जे म्हणतात तेच जसंच्या तसं फोनमध्ये लिहिलं. फोननं त्याचं त्या देशाच्या भाषेत भाषांतर केलं. तिनं ते पार्सलवर चिकटवलं. झालं!

पुढचे दिवस मी केळी आणि दुधात भिजवलेला पाव यांवर काढले. ही रोज सकाळी फोनवर पार्सलचा ठावठिकाणा बघायची आणि माझ्या डाव्या कानात जाहीर करायची.

"पार्सल निघालं!"

"पार्सल त्या देशात पोचलं!"

मग एके दिवशी, "हे बघा, 'पार्सल आदरपूर्वक ठेवून घेण्यात आलं आहे.' बघा, किती चांगली माणसं!"

कवळीचा आदर कोण करतं? पण मला प्रत्येकच गोष्टीची शंका येते, म्हणून मी माझ्या शंकेवरही विश्वास ठेवत नाही. पुढचं केळं सोलायला घेतलं.

आम्ही त्या गावात पोचलो तो उद्घाटनाचा दिवस उजाडला होता. समारंभ संध्याकाळी. मुलीचं गाव तिथून अर्ध्या दिवसाच्या रस्त्यावर. आणि कस्टमचं ऑफिस दुपारी बंद होणार, ते थेट सोमवारी उघडणार. दारावरच्या घड्याळाकडे बघत आम्ही आत घुसलो. पुढचे संवाद मला त्या वेळी धड ऐकू आले नाहीत. नंतर हिनं सांगितले तसे लिहितो. तिखटमीठ असलंच तर तिचं.

लांबट हॉल, काचेच्या खिडक्या, लाकडी बाकं, बांधलेल्या खोक्यांचे ढीग. आमची भाषा तिथे कुणाला येत नव्हती. म्हणून कॅप्टननं त्याचा फोन काढला. आपण बोललं की त्यातली बाई त्यांच्या भाषेत बोलायची, आणि ते बोलले की शुद्ध मराठीत आम्हाला सांगायची. इतकी शुद्ध, की ऐकताना सरळ बसावंसं वाटे.

खिडकीत एक शिक्केवाली बाई होती. तिनं आमची पावती पाहिली. संगणक पाहिला. मग हिच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा लोण्यासारखा मऊ झाला. ती उठून बाहेर आली, हिचा हात हातात घेतला, आम्हाला रांगेतून काढून आतल्या खोलीत नेलं. हिला गादीच्या खुर्चीत बसवलं. पाणी दिलं. कागदी रुमालांचा खोका पुढे सरकवला.

"किती सभ्य!" ही म्हणाली. "तुमच्याशी लग्न झाल्यापासून मला कुणी असं बसवलं नाही."

फोनमधली बाई म्हणाली, "आपल्या कुटुंबावर कोसळलेल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत."

"दुःख असं काही नाही हो," ही म्हणाली. "केळी खाऊन खाऊन वैताग आलाय, एवढंच."

शिक्केवाल्या बाईनं ते ऐकून मान हलवली. "शोकात अन्नावरची वासना उडते. आम्ही समजू शकतो."

इतक्यात आतून एक मिशीवाले साहेब आले. त्यांनी टोपी काढून काखेत धरली. हिच्यापुढे मान लववली.

"मृत्यूचा दाखला आणला आहे का?"

"कुणाच्या?" कॅप्टननं विचारलं.

"आजोबांच्या."

हिनं आधी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग माझा डावा कान धरून ती ओरडली, "अहो, तुम्ही गेलात म्हणतायत!"

"कुठे?"

"वर!"

मी वर पाहिलं. वर पंखा होता.

साहेबांनी एक कागद पुढे केला. कॅप्टननं फोन त्याच्यावर धरला आणि फोनमधली बाई गंभीर आवाजात वाचू लागली.

"आजोबांचे दात, एक संच. आजोबांचा कान, एक. आजोबांचे गुडघे, दोन. वापरलेले. विक्रीसाठी नाहीत. किंमत शून्य. पाठवण्याचे कारण: आजोबांचे देहावसान झाले, अवशेष मागे उरले."

कॅप्टननं टोपी काढली. का, ते त्यालाच माहीत.

"किंमत शून्य कुणी लिहायला सांगितलं?" हिनं विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"मग तेवढं बरोबर आहे!"

आता समजावणं भाग होतं. कॅप्टन पुढे झाला, मला दंडाला धरून साहेबांपुढे उभं केलं आणि फोनमध्ये गर्जना केली, "हे आजोबा! हेच ते!"

साहेबांनी मला खालून वर पाहिलं. मग टेबलावर आणून ठेवलेल्या आमच्या पार्सलच्या खोक्याकडे पाहिलं. मग पासपोर्ट मागितला.

आणि इथे माझं खरं मरण ओढवलं! पासपोर्टावरच्या फोटोत मी दात घालून बसलेला होतो. गाल भरलेले, हनुवटी जागेवर, मुद्रा एखाद्या हेडमास्तरसारखी. आणि साहेबांपुढे उभा होता तो हवा गेलेला फुगा! त्यात आठवडाभर केळी! साहेबांनी फोटो माझ्या चेहऱ्याशेजारी धरला. शिक्केवाल्या बाईला दाखवला. दोघांनी मान हलवली.

"हा गृहस्थ फोटोतला नाही."

"दात घातले की फोटोतलाच दिसतो!" कॅप्टन म्हणाला.

"मग घाला."

"ते खोक्यात आहेत!"

"खोकं फोटोतल्या माणसाची ओळख पटल्याशिवाय उघडता येणार नाही."

म्हणजे बघा. दात घातल्याशिवाय मी माझ्यासारखा दिसणार नाही, आणि माझ्यासारखा दिसल्याशिवाय मला दात मिळणार नाहीत! इतकी वर्षं पुस्तकं वाचली, पण असा चक्रव्यूह पाहिला नव्हता. घड्याळाचा काटा सरकत होता. हॉलमध्ये एकेक खिडकी बंद होण्याचा खडखडाट माझ्या डाव्या कानालासुद्धा ऐकू येत होता.

"तुम्ही स्वतः सांगा," साहेब मला म्हणाले आणि फोन माझ्या तोंडापुढे आला.

माझे पाय लटपटू लागले. गुडघे खोक्यात होते, त्यांचा काय आधार! मी सगळं बळ एकवटून म्हणालो, "त्यात माझे दात आहेत."

निदान मी तसं म्हणालो. पण दात नसलेल्या माणसानं 'दात' म्हणावं कसं? जीभ टेकवायला जागाच नाही! फोननं ऐकलं: त्यात माझे हात आहेत.

साहेबांनी माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी टिपून घेतलं.

जन्मात पहिल्यांदा मी आवाज चढवला. छातीवर हात मारून ओरडलो, "मीच आजोबा! जिवंत!"

फोनमधली बाई क्षणभर थांबली. मग त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. शिक्केवाल्या बाईच्या हातातून शिक्का पडला. साहेबांनी टोपी परत डोक्यावर घातली.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

कॅप्टननं बटण दाबून तेच वाक्य मराठीत ऐकवलं.

"मीच आजोबांचा अंत!"

दारात गणवेशातला एक धिप्पाड गृहस्थ येऊन उभा राहिला. हिला माझ्यापासून उठवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला, त्याहून मऊ खुर्चीत बसवण्यात आलं. खरं सांगतो, तिनं फारसा विरोध केला नाही.

त्यात हिचा फोन वाजला. मुलीचा होता.

"आई, कुठे आहात? संध्याकाळी लोक यायला लागतील."

"अगं, इथे कस्टममध्ये अडकलोय. बाबांची ओळख पटवायचीय."

"ओळख पटवायची? बाबांची? म्हणजे काय गं?"

"तेच तर! अगं, ही माणसं म्हणतायत की बाबा गेले, आणि त्यांचे..."

आणि फोन मध्येच तुटला. रेंज, टॉवर, बॅटरी, काय गेलं कोण जाणे! हिनं परत लावला, लागेना. कॅप्टनच्या फोनवरून लावला, लागेना.

ही पांढरीफटक पडली. पहिल्यांदाच तिनं तो रुमालांचा खोका जवळ ओढला.

"अहो," ती एवढंच म्हणाली, आणि या वेळी ओरडली नाही, तरी मला कळलं. "पोरीला वाटलं असेल…"

मला पुढचं ऐकावं लागलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे ते छोटंसं दुकान आलं. नवी कपाटं, नवी पुस्तकं, फीत बांधलेली, आणि पायरीवर बसलेली माझी मुलगी. ज्या दिवशी मी खांबामागून बाहेर येणार होतो, त्याच दिवशी मी तिच्यासाठी मेलो होतो!

मग मला काय झालं सांगता येत नाही. मी टेबलावर मूठ आपटली. लगेच 'माफ करा' म्हणालो, बहुधा टेबलालाच. पण आपटली! आणि एक शब्दही न बोलता, कारण बोलून काय होतं ते आता मला ठाऊक होतं, मी हातवारे सुरू केले. खोक्याकडे बोट. टेबलावरच्या कात्रीकडे बोट. मग बोटांनी दात काढायची नक्कल, दात घालायची नक्कल. मग हात पसरून एखाद्या नटासारखं मोठ्ठं बोळकं दाखवलं. ज्या माणसाला दुकानात सुटे पैसे मागायला लाज वाटते, तो माणूस परक्या देशाच्या अंमलदारापुढे तोंड वासून उभा होता!

साहेब बराच वेळ माझ्या तोंडात पाहत राहिले. मग त्यांनी हातमोजे मागवले.

खोकं उघडायला सगळे उभे राहिले. शिक्केवाल्या बाईनं मान खाली घातली. गणवेशातल्या गृहस्थानं पोट आत घेतलं. साहेबांनी कात्रीनं दोरा कापला, झाकण उचललं आणि निळ्या पिशवीला हात लावला, तोच आतून बारीक, लांब, रडका आवाज आला.

"कूंऽऽऽऽ!"

शिक्केवाली बाई किंचाळली. सर्वांत आधी खोलीबाहेर पडला तो धिप्पाड गृहस्थ!

"त्यांचा कान वाजतोय!" ही ओरडली. "मेल्या सूनबाईनं बंद न करताच पाठवला!"

फोनमधल्या बाईनं याचं काय भाषांतर केलं ते विचारायची हिंमत आम्हाला झाली नाही.

पिशवीतून डबी निघाली. डबीत माझे दात. माझ्याचकडे बघून हसत होते. मी पाठ फिरवून ते पाण्यात धुतले, घातले, आणि वळलो.

साहेबांनी फोटो पाहिला. मला पाहिलं. फोटो पाहिला. शिक्केवाल्या बाईनं टाळी वाजवली. दारातून डोकावणाऱ्या रांगेनंही वाजवली. मी कान चढवला आणि एकदम सगळं जग आत शिरलं. पंखा, पावलं, कागद, हिचं नाक ओढणं.

"कृपया काही बोला," फोनमधली बाई म्हणाली. "आवाजाची खात्री करायची आहे."

काही! आता 'काही' म्हणजे काय बोलायचं? माझं डोकं कोरी पाटी. इतकी माणसं माझ्याकडे बघतायत, आणि मला मुखोद्गत एकच गोष्ट. टाकीपुढे रोज म्हटलेली. मी डोळे मिटले आणि सुरू केलं.

"मी आयुष्यभर लोकांना पुस्तकं दिली. देताना प्रत्येक वेळी धास्ती वाटायची, की हे आता परत येत नाही. पण एक सांगतो. जे गेलं ते परत येतं. जरा मळून येतं, कोपरे दुमडून येतं, पाठीचा कणा उसवून येतं, पण येतं! ज्याला द्यायची भीती वाटते त्यानं हे लक्षात ठेवावं…"

फोनमधली बाई वाक्यामागून वाक्य सांगत होती. ती सगळी माणसं हे आजोबांबद्दलच समजत होती हे मला नंतर कळलं. भाषण संपलं तेव्हा तो धिप्पाड गृहस्थ परत दारात उभा होता आणि बाहीनं डोळे पुसत होता.

साहेबांनी सही केली. शिक्का पडला. फक्त एक अडचण निघाली. डाव्या गुडघ्यात पोलादी पट्टी होती, त्याची वेगळी तपासणी सोमवारी.

"राहू द्या!" आम्ही तिघंही ओरडलो.

निघताना मी हात जोडले. निरोप घेताना 'जातो' म्हणू नये, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं.

"बरं, येतो."

फोननं ते सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला. दोन्ही हात हलवत ते म्हणाले, "कृपया येऊ नका! काही गरज नाही!"

वाटेत कॅप्टननं गाडी अशी हाकली की देश खरोखरच पायाखालून गेला. मुलीचा फोन काही लागेना. आम्ही पोचलो तेव्हा दिवे लागले होते. दुकानापुढे चाळीसेक माणसं गप्प उभी होती. दार अर्धं लोटलेलं. फीत तशीच बांधलेली. पायरीवर मुलगी, गुडघ्यांत डोकं घालून.

मी व्हॅनमधून उतरलो. एक गुडघा बांधलेला, एक मोकळा, त्यामुळे तिरपा चालत गेलो.

"चिमणे," मी म्हणालो.

तिनं वर पाहिलं. मग उठून माझ्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या. चांगल्या जोरात. मग मला घट्ट धरून ठेवलं.

"आई म्हणाली, तुम्ही..."

"नाही गं. सामान पुढे गेलं होतं. मी मागे राहिलो होतो." आता माझं मलाच उलटसुलट होत होतं.

"बाबा, आता काही बोलू नका. नुसते उभे राहा माझ्याजवळ. तेवढंच पुरे."

सुटका! आयती सुटका! भाषण तर मी कस्टममध्ये खर्चून आलो होतो. पण मी त्या माणसांकडे पाहिलं. कॅप्टनच्या फोनची बॅटरी संपलेली. त्या गर्दीत मराठी एकालाही येत नव्हतं. माझ्यासारख्या माणसाला याहून सुरक्षित श्रोते त्रिभुवनात मिळाले नसते!

मी बोललो. टाकीसाठी पाठ केलेलं सगळं बोललो. मग न पाठ केलेलंही बोललो. ती लहान असताना माझ्या टेबलाखाली बसून वाचायची ते, आणि बक्षीस समारंभाला खांबामागून मला तिची फक्त एक वेणी दिसत होती ते. माणसं सभ्यपणे माना हलवत होती. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. जिला कळायला हवं होतं ती हसतही होती आणि डोळेही पुसत होती.

शेवटी तिनं माझी बाही ओढली. "बाबा, दोन शब्द म्हटलं होतं मी! लोकांना घरी जायचंय!"

मग फीत कापली.

घरी आल्यावर काही दिवसांनी ते गुडघ्याचं पत्र आलं. साहेबांनी मला जिवंत मानलं होतं, पण संगणकाला ते कुणी सांगितलं नव्हतं. मी रोज कागद पुढे घ्यायचो आणि रोज फाडायचो. 'आजोबा जिवंत आहेत' असं लिहावं, तर पुरावा मागतील. गुडघा परत मागवावा, तर पार्सलवर पुन्हा काहीतरी लिहावं लागेल!

परवा ही म्हणाली, "दुकानदारांच्या कार्डांना उत्तरं देता, आणि स्वतःच्या गुडघ्याला नाही?"

लागलं मला ते. बसलो लिहायला. या वेळी प्रत्येक शब्द पारखून घेतला. 'पुढे', 'मागे', 'गेले', 'राहिले' असले दगाबाज शब्द एकूण एक गाळले. 'गुडघा एखाद्या गरजूला द्यावा' असं लिहिलं होतं, ते वाचून दचकलो आणि खोडलं. शेवटी स्वच्छ मजकूर तयार झाला: मी जिवंत आहे. ही वस्तू म्हणजे कापडी पट्टा आहे. मला तो नको. टाकून द्यावा. आपण फार सौजन्यानं वागलात, आभारी आहे.

एकही शब्द दोन अर्थांचा नाही! पाकीट चिकटवलं, चौकातल्या पेटीपर्यंत स्वतः गेलो आणि आत सोडलं. कान चढवलेला होता, त्यामुळे ते तळाशी पडल्याचा आवाजही ऐकू आला. फार बरं वाटलं.

आणि मग आठवलं. आभार मानल्यावर, सहीच्या वर, हातानं आपल्या सवयीनं एक ओळ लिहून टाकली होती.

"बरं, येतो."